स्पॅगेटी वेस्टर्नच्या वळणाची रॉक रचना: चालीपासून मिक्सपर्यंत

इटालियन दिग्दर्शकांनी काढलेल्या काउबॉयपटांना स्पॅगेटी वेस्टर्न म्हणतात. त्यांतला सर्जियो लेओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ हा चित्रपट १९६४ साली आला आणि घोडेस्वारांच्या चित्रपटाला भरगच्च व्हायोलिनांचेच पार्श्वसंगीत हवे, हा हॉलिवूडने घालून दिलेला रिवाज त्याने मोडीत काढला. रोममध्ये जन्मलेल्या आणि तिथल्याच सांता चेचिलिया संगीतविद्यालयात ट्रम्पेट व संगीतरचना शिकलेल्या एन्नियो मोरिकोनेने या चित्रपटासाठी शिट्टी, चाबकाचा फटका, घंटा, पुरुषांच्या कोरसची आरोळी आणि इलेक्ट्रिक गिटार यांना थेट पुढच्या रांगेत आणून बसवले. ही गिटार त्याने हवेतून आणलेली नव्हती. अमेरिकेत ड्यूएन एडी १९५८ पासूनच खालच्या जाड तारांवर गाण्याची चाल वाजवत होता आणि ब्रिटनमध्ये द शॅडोज या चमूची ‘अपाची’ ही धून १९६० साली गाजली होती. म्हणजे हा आवाज आधी रॉककडून रोमला गेला आणि मग व्याजासकट परत आला. मेटॅलिका हा हेवी मेटल बँड १९८३ पासून आपल्या मैफिलींची सुरुवात मोरिकोनेच्याच ध्वनिमुद्रणाने करत आला आहे, ॲरिझोनातल्या कॅलेक्सिको या बँडने मेक्सिकन ट्रम्पेट आणि रॉक यांची सांगड घातली आहे, आणि म्यूज या ब्रिटिश बँडने २००६ साली घोडदौडीचा ठेका थेट स्टेडियमपर्यंत नेला.

या वळणाची रचना करू पाहणारे बहुतेक हौशी बँड आवाज बदलणारी इफेक्ट पेडल विकत घेण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. रिव्हर्ब (आवाजाची घुमत विरणारी शेपटी) आणि ट्रेमोलो (आवाजाची थरथर) लागतातच, परंतु या संगीताचा कणा मांडणीत आहे: चाल एकच असते, ती दर वेळी वेगळ्या आवाजाच्या हाती जाते आणि बाकीचे सगळे त्या वेळी गप्प राहतात. दोन गिटार, बेस आणि ड्रम्स अशा चौघांच्या बँडने पाहुण्या कलाकारांच्या मदतीने सुमारे तीन मिनिटांची एक वाद्यरचना कशी उभी करावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

ऐकण्याची पूर्वतयारी

वाद्य हातात घेण्याआधी दोन ध्वनिमुद्रणे कागद-पेन्सिल घेऊन ऐकावीत. पहिले म्हणजे १९६६ च्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची मुख्य धून. तिच्यातला दोन सुरांचा छोटा तुकडा चित्रपटातल्या तिन्ही प्रमुख पात्रांना दिलेला आहे, मात्र एकाला तो बासरीवर, दुसऱ्याला ओकारिना या मातीच्या फुंकवाद्यावर आणि तिसऱ्याला माणसांच्या आवाजात दिला आहे. सूर तेच राहतात, पात्र फक्त नादाच्या जातीवरून ओळखू येते. दुसरे ध्वनिमुद्रण १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधल्या माउथ ऑर्गनवाल्या माणसाच्या धूनचे. फ्रँको दे जेमिनीने वाजवलेल्या माउथ ऑर्गनचे कण्हणे आणि त्यावर अचानक चढणारी फाटक्या आवाजाची फझ गिटार, हा या सगळ्या परंपरेतला रॉकच्या सर्वांत जवळचा क्षण आहे. या चित्रपटाचे संगीत चित्रीकरणाच्या आधीच तयार होते आणि लेओने ते सेटवर वाजवत असे. त्यामुळे त्या चालींना दृश्याच्या मागे धावावे लागलेले नाही आणि त्या चित्राशिवायही आपल्या पायांवर उभ्या राहतात.

कागदावर एवढेच टिपावे: कोणत्या सेकंदाला कोणता आवाज आला, तो कधी गेला आणि एका वेळी जास्तीत जास्त किती आवाज चालू होते. ही संख्या बहुतेक वेळा आपल्या अंदाजापेक्षा लहान निघते.

स्केल आणि कॉर्ड

रचना ए मायनरमध्ये आणि मिनिटाला १२० बीटच्या टेम्पोत धरू या, म्हणजे चार बीटचा एक बार बरोबर दोन सेकंदांचा होतो आणि पुढची सगळी गणिते तोंडी करता येतात. ए म्हणजे षड्ज मानला, तर नैसर्गिक मायनर स्केल म्हणजे आपला आसावरी थाट होय. ए मायनर, जी, एफ आणि ई मेजर अशी खाली उतरणारी कॉर्डची माळ स्पॅनिश ढंगाची आहे आणि ती या संगीतात घरच्यासारखी वावरते. ई मेजरमध्ये शुद्ध निषाद येतो, त्यामुळे षड्जाकडे परतण्याची ओढ तयार होते. मधूनच ए मायनरनंतर डी मेजर घेतला, तर काफीतला शुद्ध धैवत डोकावतो आणि उदास चालीत एकदम ऊन पडल्यासारखे वाटते, पण ही जागा संपूर्ण रचनेत एकदाच वापरावी.

जॅझ शिकलेल्या गिटारवादकाला सातवा, नववा असे जादा सूर कॉर्डमध्ये घालण्याची सवय असते. इथे त्या सवयीला आवर घालावा लागतो. साधे तीन सुरांचे कॉर्ड, आणि फझ गिटारवर तर नुसता षड्ज-पंचम, एवढे पुरेसे असते.

चाल

चाल अशी हवी की ती शिट्टीवर वाजेल, ट्रम्पेटवर वाजेल आणि शब्दांविना गळ्यातूनही निघेल. त्यामुळे वेगवान ताना आपोआप बाद होतात. लांब सूर, मोठी उडी आणि उडीनंतर पायरीपायरीने उतरणे, हा ढाचा कामाला येतो. उदाहरणादाखल आठ बारची एक चाल घेऊ. पहिल्या बारमध्ये अर्धा बार ए आणि मग बी व सी एकेक बीट. दुसरा बार पूर्ण ई. तिसऱ्यात डी आणि सी एकेक बीट व उरलेला अर्धा बार बी. चौथा बार पूर्ण ए. पाचवा बार पहिल्यासारखाच, पण सहाव्यात अपेक्षित ईच्या ऐवजी एक पायरी वरचा एफ. सातव्यात ई आणि सी एकेक बीट व मग डी अर्धा बार. आठवा पूर्ण बी, ई मेजर कॉर्डवर लटकता ठेवलेला. सरगमीत सांगायचे तर सा रे ग, प, म ग रे, सा; सा रे ग, ध, प ग म, रे. यातले ग आणि ध कोमल आहेत. कॉर्ड क्रमाने ए मायनर दोन बार, जी, ए मायनर दोन बार, एफ, जी आणि ई. दुसऱ्या आवर्तनात शेवटचा बार रेवर न सोडता ए मायनरवर आणून सावर बसवावा, म्हणजे सोळा बारचा एक पूर्ण घास तयार होतो.

या चालीतला सगळा प्राण सहाव्या बारमधल्या कोमल धैवतात आहे. एकदा पंचमावर थांबलेला कान दुसऱ्यांदाही पंचमाचीच वाट पाहतो आणि त्याला अर्ध्या सुराचा धक्का बसतो. आपली स्वतःची चाल रचताना असा एकच धक्का ठेवावा आणि तो कुठे आहे हे बँडमधल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

एक टाळण्याजोगी गोष्ट म्हणजे चौथ्या स्वराच्या अंतरावर दोन सूर झपाट्याने मागेपुढे करणे. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची ती खूण जगात इतकी ओळखीची आहे की ती कानी पडताच श्रोता आपली रचना ऐकणे थांबवतो आणि गालात हसू लागतो. शिवाय भारतीय कायद्यानुसार संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि मोरिकोनेचे निधन ६ जुलै २०२० रोजी झाले. ढंग घेण्याला कुणाची परवानगी लागत नाही, चाल घेण्याला लागते.

घोडदौडीचा ठेका

एका बीटचे चार समान भाग करावेत आणि पहिल्या, तिसऱ्या व चौथ्या भागावर आघात करावा. झाली घोडदौड. अकूस्टिक गिटारवर हे खाली, खाली, वर अशा हाताने वाजते. दुसऱ्या भागावर हात वर जातो, पण तारांना स्पर्श करत नाही. हात सतत हलता राहिला तरच ठेका समान पडतो, म्हणून सुरुवातीला ८० च्या टेम्पोवर मेट्रोनोम लावून सराव करावा आणि मनगट सैल राहिले तरच वेग वाढवावा. कोपरातून वाजवणारा हात दोन मिनिटांत भरून येतो.

हेवी मेटलमध्ये हाच ठेका डिस्टॉर्शन लावून तळहाताने तारा दाबून वाजवतात. आपल्याला तो अकूस्टिकवर, मोकळा आणि कमी आवाजात हवा आहे. ड्रमरने इथे हाय-हॅट आणि राइड झांज पूर्ण बाजूला ठेवलेली बरी. झांजेचा सततचा फवारा वरच्या पट्टीतली सगळी जागा खातो आणि शिट्टीला किंवा घंटेला जागाच उरत नाही. फ्लोअर टॉमवर घोडदौड, स्नेअरखालच्या तारा सोडवून त्यावर लष्करी चालीचे तुरळक रोल, आणि बास ड्रम फक्त बारच्या सुरुवातीला. हा ड्रमरला अपमान वाटू शकतो. शेवटच्या भागात झांजा परत मिळणार आहेत असे त्याला आधीच सांगून ठेवावे.

गिटारचा आवाज

मुख्य गिटारवर एकेरी कॉइलचा पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबक), ब्रिजच्या बाजूचा किंवा मधला, आणि पिकचा आघात ब्रिजपासून दोन-तीन बोटांवर. तिथे तार कडक असते, म्हणून सुराच्या सुरुवातीला तो धातूचा टणत्कार येतो. तारा ०.०११ किंवा ०.०१२ इंच जाडीपासून सुरू होणाऱ्या संचाच्या घ्याव्यात. पातळ तारांवर हा आवाज किडकिडीत लागतो. चाल शक्यतो खालच्या तीन तारांवर वाजवावी, भले वरच्या तारांवर ती सोपी पडत असेल.

बॅरिटोन गिटार असेल तर उत्तमच. तिच्या तारांची लांबी साधारण २७ ते ३० इंच असते आणि ती बी पासून बी पर्यंत, म्हणजे नेहमीच्या गिटारपेक्षा अडीच सूर खाली लावतात. नसेल तर घरातल्या जुन्या गिटारवर सहावी तार ०.०६० च्या आसपास असलेला जाड संच चढवून ती तशीच लावता येते. मात्र नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच रुंद करावी लागते आणि मानेचा ताण पुन्हा जुळवावा लागतो, तेव्हा ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे सोपवावे.

इफेक्टचा क्रम गिटारपासून पाहिला तर आधी फझ, मग ट्रेमोलो, मग छोटा डिले आणि शेवटी स्प्रिंग रिव्हर्ब. डिले १२५ मिलिसेकंदांचा, एकच प्रतिध्वनी देणारा, मूळ सुराहून बराच हलका ठेवावा. १२० च्या टेम्पोत तो बरोबर पाव बीट होतो आणि घोडदौडीत मिसळून जातो. ट्रेमोलोचा वेग सेकंदाला सहा हेलकावे, म्हणजे एका बीटमध्ये तीन. ठेका चारचा आणि थरथर तीनची असल्याने आवाजाला किंचित अस्वस्थता येते, आणि तीच हवी असते. फझ एकेरी सुरांवर किंवा फार तर षड्ज-पंचमावर वापरावा, कारण पूर्ण कॉर्डवर तो लावला की सुरांचे एकमेकांत कालवण होते. गिटारच्या आवाजाची कळ सहा-सातवर ठेवली तर फझ गुरगुरतो, दहावर नेली तर किंचाळतो. दुसऱ्या गिटारवादकाला पेडल-बोर्डाच्या जागी ही एक कळ जपायला शिकवावे.

बेस पिकने वाजवावा, ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा खोचून सूर आखूड करावा, आणि बॅरिटोनवादक मोकळा असेल तेव्हा त्याने तळहाताने दाबून बेसचेच सूर वाजवावेत. जाड आणि टकटकणारे असे दोन आवाज मिळून एक वाद्य भासते.

रॉकबाहेरचे आवाज

इथे आपल्याकडच्या कलाकाराला काही गोष्टी अनायासे हाताशी आहेत. लेओनेच्या चित्रपटांतले टणटणणारे जबड्याचे वाद्य राजस्थानात मोरचंग म्हणून मिळते. ते एकाच सुरात बोलते, म्हणून विकत घेताना ट्यूनर सोबत न्यावा आणि ए किंवा ई बोलणारा नग निवडावा. ऐरणीच्या आवाजासाठी रेल्वेच्या रुळाचा तुकडा शोधावा. अनेक जुन्या शाळांत तासाचे टोले अजूनही अशाच लोंबत्या रुळावर पडतात आणि तो आवाज ऑर्केस्ट्राच्या ऐरणीपेक्षा वाईट नसतो. तुकडा दोरीला टांगून लोखंडी गजाने मारला तर कर्कश, लाकडी हातोडीने मारला तर गोल घुमणारा आवाज येतो. देवळातली घंटा मात्र जपून वापरावी: तिच्यात मूळ सुराशी न जुळणारे अनेक सूर एकत्र बोलतात आणि ती कॉर्डवर वाजली तर बेसूर भासते. गिटार सुरू होण्यापूर्वी, एकटी, अशीच ती शोभते. चाबकासाठी खरा चाबूक नको, बिजागरीने जोडलेल्या दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटल्या की काम होते. पाश्चात्त्य वाद्यवृंदातही हेच करतात.

ट्रम्पेटसाठी मुंबई, वसई आणि गोव्यातल्या चर्च व लग्नाच्या बँडमधल्या वादकांना विचारावे. गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद अनेक दशके सांभाळले, आणि त्या परंपरेत लांब, किंचित थरथरता सूर लावणारे लोक आजही सापडतात. हिंदी चित्रपटाने हे वळण लवकरच उचलले होते, हेही या निमित्ताने आठवावे. १९७५ च्या ‘शोले’तला राहुलदेव बर्मन यांच्या संगीतातला तो माउथ ऑर्गन भानू गुप्ता यांनी वाजवला होता. तेव्हा माउथ ऑर्गन घ्यायचाच असेल, तर त्याच्यावर चाल देण्याऐवजी दोन-तीन सुरांचे कण्हणे द्यावे, नाहीतर मराठी श्रोत्याला थेट रामगढ दिसू लागेल.

शिट्टी आणि गळा

मोरिकोनेच्या सुरुवातीच्या चित्रपटांतली शिट्टी आलेसान्द्रो आलेसान्द्रोनीची आहे. तोच गिटारही वाजवत असे आणि कोरसही त्याच्याच चमूचा होता. बँडमध्ये नीट सुरात शिट्टी वाजवणारा एक तरी जण असतो, बहुधा ज्याच्याकडून अपेक्षा नसते तो. त्याला माइकपासून एक वीत दूर, किंचित तिरके उभे करावे, म्हणजे फुंकर थेट माइकवर आदळत नाही. सूर लागण्याआधीचा घसरता भाग फार असेल, तर चाल एक-दोन सूर वर किंवा खाली नेऊन त्याची सोयीची पट्टी शोधावी आणि सगळी रचना त्या पट्टीत हलवावी. गिटारवादकांची कुरकुर ऐकू नये.

शब्दांविना गाणाऱ्या स्त्री-स्वराचा मानदंड म्हणजे मोरिकोनेची गायिका एद्दा देलोर्सो. आपल्याकडे शास्त्रीय शिकलेली गायिका मिळणे सोपे आहे आणि तिचा आवाज सुरेलही असतो, पण मींड, कण आणि मुरकी तिच्या गळ्यातून न सांगता येतात. तिला सूर उभा लावायला सांगावा: एका सुरावरून दुसऱ्यावर मधली वाट न दाखवता जायचे आणि कंप सुराच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यातच येऊ द्यायचा. ‘आ’ हा एकच स्वर पुरतो. कोरससाठी चार पुरुष पुरेत. तेच चौघे जागा बदलून तीनदा ध्वनिमुद्रित केले की बारा जणांचा भास होतो. त्यांना चाल देऊ नये, ठेक्यावर पडणारी एक-दोन अक्षरांची आरोळी द्यावी.

मांडणी

आता ९० बारची म्हणजे तीन मिनिटांची आखणी करू. पहिले आठ बार घंटा, मोरचंग आणि दर दोन बारला एकदा ट्रेमोलो गिटारचा एकच सूर. ड्रम्स नाहीत, बेस नाही. पुढचे सोळा बार अकूस्टिक गिटारची घोडदौड आणि त्यावर शिट्टीने चाल. नंतरचे सोळा बार तीच चाल बॅरिटोनवर, दोन सप्तके खाली, सोबत बेस आणि फ्लोअर टॉम, प्रत्येक चौथ्या बारच्या अखेरीला चाबूक. मग दोन बार पूर्ण शांतता. चार सेकंद कोणीही काहीही वाजवायचे नाही, फक्त आधीच्या सुराचा रिव्हर्ब विरत जाईल. तालमीत ही जागा कोणाला ना कोणाला सहन होत नाही आणि झांजेवर एक टिचकी पडतेच. ती जागा राखण्यासाठी लागेल तितकी तालीम करावी, कारण पुढच्या सोळा बारमध्ये येणाऱ्या गळ्याचे निम्मे वजन या चार सेकंदांतून येते. गायिकेखाली एफ, जी, ए मायनर अशा चढत्या कॉर्डवर संथ गिटार आणि बेसचे लांब सूर ठेवावेत. चालही त्यानुसार थोडी वळवावी. डी मेजरचे ते एकुलते ऊन इथेच पाडावे.

त्यानंतरचे चोवीस बार पूर्ण बँडचे: फझ गिटारवर चाल, बॅरिटोन घोडदौडीत, कोरसच्या आरोळ्या, रुळाचे टोले आणि ड्रमरला मिळालेल्या झांजा. इथेही वाढ एकदम न करता दर आठ बारला एक आवाज चढवावा. शेवटच्या आठ बारांत सगळे थांबतात आणि ट्रम्पेट ई मेजर कॉर्डच्या विरत्या नादावर मोकळ्या लयीत वाजतो. ईला षड्ज मानून वसंत मुखारीचे सूर, म्हणजे कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध आणि कोमल नी, त्याला मोकळे सोडावेत. मेट्रोनोम इथे बंद.

ध्वनिमुद्रण आणि मिक्स

लेओने पडदाभर डोळे दाखवतो आणि लगेच क्षितिजापर्यंतचा माळ. मिक्समध्येही अशीच दोन टोके हवीत. मोरचंग, चाबूक, अकूस्टिक गिटार आणि शिट्टीच्या आधीचा श्वास अगदी कोरडे आणि जवळ; गळा, ट्रम्पेट आणि घंटा अडीच-तीन सेकंदांच्या प्लेट रिव्हर्बमध्ये दूर. रिव्हर्ब सुरू होण्याआधी ५० मिलिसेकंदांची फट ठेवली, तर सूर स्पष्ट राहून मागे जागा उघडते. सगळ्याच ट्रॅकवर सारखा रिव्हर्ब टाकला की दूर काहीच उरत नाही, सगळे सारखेच ओले होते.

शिट्टीच्या ट्रॅकमधून ४०० हर्ट्झच्या खालचे सगळे काढून टाकावे, तिथे फुंकरीशिवाय काही नसते. बॅरिटोनचा १०० हर्ट्झच्या खालचा भाग बेससाठी मोकळा करावा आणि तिची ओळख दोन किलोहर्ट्झच्या आसपासच्या टणत्कारात शोधावी. फझ आणि कोरस एकाच पट्टीत भांडतात, म्हणून एकाला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे पाठवावे. कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजांतला फरक कमी करणारे साधन) बेतानेच वापरावा. शांतता आणि पूर्ण बँड यांच्यातला फरक मास्टरिंगमध्ये (मिक्सनंतरच्या शेवटच्या सफाईत) सपाट झाला, तर मांडणीत घेतलेली सगळी मेहनत वाया जाते. मिक्स झाल्यावर तो मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकावा. तिथे बेस जवळजवळ ऐकू येणार नाही, तरीही बॅरिटोनची चाल ओळखू आली पाहिजे.

मंचावर वाजवताना गायिका, कोरस आणि ट्रम्पेट दर वेळी मिळणार नाहीत. अशा वेळी ते ध्वनिमुद्रित ट्रॅकवरून वाजवण्यापेक्षा ट्रम्पेटचा भाग फझ गिटारला आणि गळ्याचा भाग माउथ ऑर्गनला किंवा व्हायोलिनला द्यावा. चाल हात बदलण्यासाठीच रचलेली असल्यामुळे ती या बदलातही टिकते, आणि ट्रॅकच्या क्लिकला बांधून न घेतल्याने शेवटचे मोकळे आठ बार खरोखर मोकळे वाजवता येतात. मोरचंग मात्र माइकला जवळजवळ टेकवूनच वाजवावा आणि साउंड-चेकच्या वेळी सर्वांत आधी त्याचीच पातळी लावून घ्यावी, कारण फीडबॅक बहुधा त्याच माइकमधून सुरू होतो.